गेमने तुला काय करायला लावलं, ते सांग

तुझं पत्र वाचलं. ‘ड्रॅगन एज २’ हा व्हिडिओ गेम तुला मनापासून आवडला, पण जुने फॅन त्याचं नाव निघताच नाक मुरडतात. ‘त्यांचंच बरोबर असेल’ म्हणून तू गप्प बसायचं ठरवलंयस. हे मला अजिबात पटलेलं नाही.

‘भारी’, ‘फालतू’, ‘हा खरा आरपीजीच (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) नाही’, हे शब्द आजपासून बंद. गेमने तुला काय करायला लावलं, तेवढंच सांग. त्यांनाही तेच विचार.

आधी त्यांची बाजू, कारण तू ती उडवून लावली आहेस. ‘ओरिजिन्स’, म्हणजे पहिला भाग, २००९च्या नोव्हेंबरमध्ये आला, हा २०११च्या मार्चमध्ये. गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीला वेळ फार थोडा मिळाला आणि ते दिसतं. तीच गुहा पुन्हा पुन्हा, फक्त वेगळा दरवाजा बंद. कोपऱ्यातल्या नकाशावर मात्र बंद भागही दिसतोच. ‘मला त्याचं काही वाटलं नाही’ असं लिहिलंयस. वाटायला हवं होतं! त्या गुहांनी तुला आजूबाजूला बघणंच सोडायला लावलं. लढाईतही तेच. ‘ओरिजिन्स’मध्ये दारात योद्धा उभा करून जादूगाराला मागे सुरक्षित ठेवता यायचं. इथे शत्रूंची दुसरी लाट थेट जादूगाराच्या पाठीशी उतरते. म्हणजे आखणी करणं सोडायला लावलं. गेम आवडतो म्हणून हे झाकू नकोस.

आता तुझी बाजू, जी तुला धड मांडताच आली नाही. ‘ओरिजिन्स’मध्ये साथीदाराचं मन जिंकायचं तर त्याच्या कलाने बोलायचं, नाहीतर भेटवस्तू द्यायच्या. मीही तिथे कित्येकदा मनाविरुद्ध उत्तरं निवडली, केवळ कुणी रुसू नये म्हणून. दुसऱ्या भागात मैत्रीच्या समोर रायव्हलरी, म्हणजे मतभेदांतून घडणारं नातं, ठेवली. साथीदारांपैकी फेनरिसला जादूगारांचा तिटकारा आहे. तू त्यांची बाजू घेत राहा, तो चिडेल, पण ते नातंही पक्कं होत जातं. आणि दुसरी साथीदार इझाबेला! मैत्री पुरेशी घट्ट असेल किंवा रायव्हलरी पुरेशी घट्ट असेल, तर सोडून गेलेली ती ऐन वेळी परत येऊ शकते. सगळं कोमट ठेवलंस तर परत येतच नाही. या गेमने तुला स्वतःचं मत ठेवायला लावलं. हे त्या मंडळींना सांगितलंस का? नाही. ‘पात्रं छान आहेत’ एवढंच म्हणून थांबलं, तर समोरचा हसणारच.

याच वादात माझा एक जुना मित्र दुरावला. त्याची खंत आहे. पण नमतं घ्यायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. तो म्हणायचा, ‘गेम सोपा करून टाकला.’ मी विचारायचो, कुठे? कोणत्या लढाईत? काय करावं लागलं नाही तुला? आवाज चढला असेल माझा. प्रश्न मात्र रास्त होता, आणि त्याने एकदा जरी उत्तर दिलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

तुझा खरा गोंधळ शेवटाबद्दल आहे. काहीही केलं तरी तुझा जादूगार साथीदार अँडर्स चँट्री, म्हणजे तिथलं धर्ममंदिर, स्फोटाने उडवतोच, मग आपल्या निवडीला अर्थ काय? पुन्हा तोच प्रश्न विचार. स्फोट थांबवणं तुझ्या हातात नाही, पण त्यानंतर तो तुझ्यासमोर पाठमोरा बसलेला असतो. मारायचं, हाकलायचं की सोबत ठेवायचं, हे तुलाच ठरवावं लागतं, तेही इतकी वर्षं सोबत काढल्यावर. मला ही निवड बऱ्याच मोठ्या गेममधल्या राज्य वाचवण्याच्या निवडींपेक्षा जड गेली. पण पुढे कोणतीही बाजू घेतली तरी जादूगारांचा प्रमुख ऑर्सिनो आणि त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या टेम्पलर योद्ध्यांची प्रमुख मेरेडिथ, दोघांशीही लढावंच लागतं, तिथे मात्र फॅन बरोबर आहेत. जादूगारांच्या बाजूने उभं राहिल्यावरही ऑर्सिनोशी लढायला लावणं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. तूही प्रयत्न करू नकोस.

आता दोन्ही गेम पुन्हा खेळ. ‘ओरिजिन्स’ सहापैकी तू न निवडलेल्या सुरुवातीने, आणि दुसरा भाग अँडर्सशी रायव्हलरी शेवटपर्यंत नेऊन. मग मला लिही. त्यात ‘आवडलं’ हा शब्द दिसला तर पत्र परत पाठवीन.