हेलिकॉप्टरचा वेळ लॉगबुकात कुठून कुठपर्यंत धरायचा?

तुम्ही साताऱ्याहून अमेरिकेत हेलिकॉप्टर शिकायला गेलात. तिथले इन्स्ट्रक्टर म्हणतात लॉगबुकात, म्हणजे पायलटच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, जमीन सुटल्यापासून वेळ लिहा, इथला मित्र म्हणतो पंखा फिरायला लागल्यापासून. खरं कोणाचं? दोघांचंही, कारण नियमच दोन आहेत.

नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या व्याख्येत हेलिकॉप्टरचा वेळ रोटर, म्हणजे वरचा पंखा, फिरू लागल्यापासून मोजतात, तो उड्डाण संपून पाती थांबेपर्यंत. अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था एफएए, तिच्याकडे यंत्र उड्डाणासाठी स्वतःच्या ताकदीवर हललं की घड्याळ सुरू. चाकांऐवजी स्किड, म्हणजे खाली आडव्या दांड्या असलेलं हेलिकॉप्टर जमिनीवर सरकत नाही, म्हणून तिथे व्यवहारात ते उचलल्यापासूनच.

माझंच उदाहरण देतो. निवडणुकीचे दिवस, कराडहून जतला जायचं होतं. रोटर 10:10 ला फिरला, 10:16 ला उचललं. जतला पोरांनी फक्कीने एच आखला होता, टँकरने पाणी मारलं होतं, तरी धूळ उडायची ती उडालीच. 10:47 ला टेकलो, पाती थांबली 10:50 ला. माझ्या लॉगबुकात 40 मिनिटं, देखभालीच्या वहीत 31, कारण मशिनचे तास फक्त हवेतले धरतात. या दोन आकड्यांची गल्लत भल्याभल्यांची होते. आणि नुसता इंजिन तपासायला रोटर फिरवला, उडालोच नाही, तर पायलटच्या खात्यावर शून्य.

मशिनमधल्या तास मोजणाऱ्या हॉब्स मीटरवर डोळे झाकून विसंबू नका. काही मशिनांत ते ऑइल प्रेशरवर चालू होतं, काहींत कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, उचलल्यावर. तुमच्यात कशावर आहे ते मेकॅनिकला विचारा.

वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, लिहायची सवय आत्तापासून लावा. वरचं उड्डाण 04:40 ते 05:20 असं पडतं. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी निघालात तर तारीखही आदल्या दिवसाची येते. ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचे), सोलो (एकट्याचे), रात्रीचे तास त्या-त्या रकान्यात, त्याच संध्याकाळी.

अमेरिकेतले तास तिथल्या नियमाने लिहा. भारतात परतताना ‘आपल्याकडे रोटरपासून धरतात’ म्हणून मागाहून मिनिटं वाढवायला जाऊ नका. शाळेच्या नोंदींशी ताळा बसला नाही तर बाकीच्या पानांवरही संशय येतो, आणि तो फेडता फेडता नाकी नऊ येतात.

एक किरकोळ वाटणारी चूक मी स्वतः केलीय. दशांशात लिहायचं असताना 1 तास 40 मिनिटांचे मी 1.4 लिहीत होतो. 1.4 म्हणजे 1 तास 24 मिनिटं! दर वेळी 16 मिनिटं फुकट. लक्षात आलं तेव्हा तीन पानं झाली होती. व्हाइटनर लावायची सोय नाही, एकेक ओळ एका रेघेने खोडून शेजारी सही करत बसलो. इन्स्ट्रक्टर समोर बसून चहा पीत होते.