जावास्क्रिप्टमध्ये वापरणाऱ्याने टाइप केलेल्या ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते, वजाबाकी मात्र बरोबर येते. असं का? आणि नंतर पहिली संख्या बदलली तरी बेरीज जुनीच का राहते?

प्रॉम्प्टमधून (उत्तर विचारणाऱ्या छोट्या खिडकीतून) किंवा इनपुट बॉक्समधून आलेली व्हॅल्यू स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, टाइप करणाऱ्याने नुसते अंक टाकले तरी. तुमच्या दोन्ही व्हेरिएबलमध्ये संख्या नाहीत, मजकूर आहे. अधिक चिन्हाला दोन कामं आहेत: संख्यांची बेरीज आणि मजकूर जोडणं. एका बाजूला जरी स्ट्रिंग असली तरी ते जोडतंच. वजा, गुणिले, भागिले यांना मजकुराचं काही करता येत नाही, म्हणून ते आधी संख्या करून घेतात.

खरा धोका ५३ मध्ये नाही, ते लगेच डोळ्यात भरतं. सरासरी काढायला गेलात तर ५३ भागिले २ म्हणजे २६.५ येईल, आणि मोठ्या प्रोग्राममध्ये असं उत्तर खपूनही जातं.

त्यामुळे व्हॅल्यू हातात आली की तिथल्या तिथे नंबर (Number) या मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनमधून काढा आणि मगच व्हेरिएबलमध्ये ठेवा. पुढे प्रत्येक ओळीत बदलत बसू नका. अनेक जण पार्सइंट (parseInt, मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) सुचवतात, पण ते ३.७५ चं ३ करतं. नंबरच्याही खोडी आहेत: रिकामी स्ट्रिंग दिली तर ० देतं, त्यामुळे रिकामा बॉक्स आधी वेगळा तपासा. मी इथे आकडे देवनागरीत लिहिलेत, पण कोणी मराठी कीबोर्डवरून ५ टाकला तर नंबर तो ओळखत नाही, नॅन (NaN, म्हणजे ‘ही संख्या नाही’) देतं. गंमत म्हणजे व्हेरिएबलचं नाव मात्र देवनागरीत चालतं!

आता दुसरा प्रश्न. बरोबरचं चिन्ह म्हणजे समीकरण नव्हे. उजवीकडचा हिशोब त्या क्षणी होतो आणि फक्त उत्तर डावीकडच्या व्हेरिएबलमध्ये जातं. ते कुठून आलं याची नोंद राहत नाही. एक्सेलच्या सेलसारखं ते आपोआप बदलणार नाही. संख्या बदलल्यावर बेरजेची ओळ पुन्हा चालली पाहिजे, म्हणून ती फंक्शनमध्ये टाका आणि हवं तेव्हा फंक्शन बोलवा. बेरीज कॉन्स्टने (const, म्हणजे नवी व्हॅल्यू न घेणारं व्हेरिएबल) घोषित केली असेल तर तिला नवी व्हॅल्यू देताना एरर येईल, तिथे लेट (let) वापरा.

हे सगळं करूनही कन्सोलवर पुन्हा ५३ दिसलं तर छापायची ओळ बघा. "बेरीज: " + अ + ब असं लिहिलं की डावीकडून जोडणी सुरू होते आणि संख्यांचाही मजकूर होतो. (अ + ब) कंसात घाला.