स्केटिंग येत नाही म्हणून हॉकीचं वर्ष घालवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. मुलाला आइस हॉकीत घालायचंय, तो साडेपाच वर्षांचा, जन्म नोव्हेंबरचा, पुण्यात थोडं रोलर स्केटिंग झालेलं, आता टोरांटोच्या जवळ बेसमेंटमध्ये भाड्याने राहता. आणि तिथल्या हॉकी असोसिएशनच्या ऑफिसने सांगितलं की आधी वर्षभर स्केटिंग शिकवा, फॉर्म पुढच्या वर्षी भरा, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल आणा. आमच्या लेकीच्या वेळी आम्हाला अगदी हेच ऐकवलं होतं. गाव वेगळं, ऑफिस वेगळं, पण वाक्यं तीच. सामानाची यादी, हाउस लीग म्हणजे काय, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, त्यात मी शिरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. हॉकी कॅनडाचे, म्हणजे देशभरातली हॉकी चालवणाऱ्या संस्थेचे, वयोगट ३१ डिसेंबरच्या वयावर ठरतात. तुमचा मुलगा नोव्हेंबरमध्ये सहा पूर्ण करेल, म्हणजे येत्या सीझनला तो यू-७ (सात वर्षांखालच्या) गटात बसतो. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला तो सात वर्षांचा असेल, तेव्हा यू-७ संपलेलं असेल आणि तो थेट यू-९ च्या गटात जाईल. "पुढच्या वर्षी या" या वाक्याचा खरा अर्थ हा आहे, आणि ते सांगणाऱ्या माणसाने तो तुम्हाला सांगितलेला नाही.

यू-७ हा गटच मुळात नवख्या मुलांसाठी आहे. अख्ख्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या पूर्ण मैदानावर, खेळ नसतो. रिंकचे आडवे भाग पाडतात आणि एकेका तुकड्यावर छोटी छोटी मुलं खेळतात. पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) सुद्धा हलका असतो, निळ्या रंगाचा, ४ औंसांचा. मोठ्यांचा काळा पक ६ औंसांचा. निम्मी मुलं पहिले काही आठवडे पडण्यात आणि उठण्यातच घालवतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण कार्यक्रम त्यासाठीच आखलेला असतो. यू-९ मध्ये तसं नसतं. तिथे अर्ध्या रिंकवर सामने सुरू होतात आणि बाजूची मुलं दोन-तीन सीझन खेळून आलेली असतात. त्यात तुमचा मुलगा वर्षाच्या शेवटी जन्मलेला. त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेली मुलं त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असतात. या वयात वर्ष म्हणजे फार मोठा फरक. अशा मुलाला उलट एक वर्ष जास्त मिळायला हवं, ते काढून कसलं घेता?

आमचं काय झालं ते सांगते. आम्ही नातेवाइकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो, त्यामुळे वीज, गॅस, पाणी सगळी बिलं त्यांच्या नावावर. मी भाडेकरार नेला, बँकेचं स्टेटमेंट नेलं, ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद उलटून न बघताच परत सरकवले आणि म्हणाल्या, हायड्रो बिल. मग विचारलं, मुलगी स्केट करते का? मी म्हटलं, अजून नाही, त्यासाठीच तर आणलंय. तर म्हणाल्या, आधी शिकवून आणा, नाव वेटलिस्टवर टाकते. आम्ही आभार मानून घरी आलो. ती यादी फक्त त्या सीझनपुरती होती आणि वसंतात पुन्हा फॉर्म भरावा लागतो, हे कुणीही सांगितलं नाही. ना ईमेल, ना फोन. शाळा सुरू झाल्यावर मी विचारायला गेले तेव्हा सगळ्या जागा भरलेल्या, आणि मुलीचं नाव कुठेच नव्हतं. त्याच्या पुढच्या सीझनला ती आत गेली तेव्हा तिच्या गटातली पोरं उलटं स्केट करत वळत होती आणि ही भिंतीला धरून उभी. मुलगी चिवट म्हणून टिकली. सगळी मुलं टिकत नाहीत. बसायला खुर्ची आणि बोलायला मोकळा वेळ असलेल्या त्या ऑफिसला एक साधी गोष्ट सांगायला किती वेळ लागला असता? आजही आठवलं की चीड येते.

म्हणून माझा आग्रह असा: तोंडी उत्तरावर थांबू नका. उद्याच ईमेल करा आणि दोन गोष्टी लेखी विचारा. यू-७ साठी स्केटिंग येणं ही अट नियमांत आहे का, असेल तर कुठल्या कलमात? आणि पत्त्यासाठी नेमके कोणते कागद चालतात? बऱ्याच ठिकाणी भाडेकरार, बँकेची किंवा सरकारची टपालाने आलेली पत्रं, लायसन्स यांपैकी दोन चालतात. तुमच्या असोसिएशनचा नियम वेगळा असू शकतो, मी त्यांच्या वतीने बोलत नाहीये. पण लेखी विचारलं की उत्तर देणारा माणूस बदलतो, असा माझा अनुभव आहे. ऑफिसातून काहीच आलं नाही तर नोंदणी बघणाऱ्या रजिस्ट्रारला किंवा कार्यकारिणीतल्या कुणाला लिहा. ते बहुतेक स्वयंसेवक पालकच असतात आणि बरेचदा खूप मदत करतात.

आणि मे महिना आहे, हातावर हात ठेवून बसू नका. रजिस्ट्रेशन वसंतात उघडतं, सीझन शाळेबरोबर सुरू होतो, जागा मधल्या काळात भरतात. ओंटारियोत एका पालकाला 'रिस्पेक्ट इन स्पोर्ट' हा ऑनलाइन कोर्सही करावा लागतो. तो आजच रात्री करून टाका, नाहीतर नोंदणी त्यावर अडून राहते.

पैशांबद्दल तुम्ही संकोचून विचारलंय. संकोच करू नका, हा खेळ महागच आहे. फर्स्ट शिफ्ट म्हणून कार्यक्रम आहे, सहा ते दहा वर्षांच्या आणि आधी कधीच हॉकीत नोंदणी न झालेल्या मुलांसाठी. त्यात डोक्यापासून पायापर्यंतचं सामान आणि आइसवरची सत्रं दोन्ही मिळतात. नोव्हेंबरच्या जन्मामुळे वय बसतंय का, ते आधी तपासा. फीसाठी जंपस्टार्ट या मुलांच्या खेळाला मदत करणाऱ्या संस्थेकडे अर्ज करता येतो, ४ ते १८ वयाच्या मुलांसाठी. बाकी अंगावरचे पॅड जुने बिनधास्त घ्या, मुलं ते फाटायच्या आत त्यांतून बाहेर पडतात. हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका. सीएसएचं (कॅनडाच्या सुरक्षा-मानकाचं) स्टिकर हवं, तोंडावर जाळी हवी, आणि सायकलचं हेल्मेट हॉकीला चालत नाही. गळ्याच्या गार्डवर बीएनक्यू या मानक संस्थेचा शिक्का बघा.

स्केटबद्दल जरा सविस्तर, कारण मुलं "पाय दुखतो" म्हणून सोडतात ती बहुतेक चुकीच्या स्केटमुळे. पुढच्या वर्षीही व्हावी म्हणून मोठी घेऊ नका. आपल्याकडे बुटाचं असंच करतात, इथे ते चालत नाही. स्केटचा नंबर बुटापेक्षा एक ते दीड कमी असतो. लेस पार खालपर्यंत सैल करा, पाय आत घालून बोटं पुढे टेकवायला सांगा. टाचेमागे तुमचं एक बोट जेमतेम जायला हवं. मग टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, आणि उभं राहिल्यावर अंगठा टोकाला नुसता लागला पाहिजे, वळता कामा नये. लेस पंज्यावर बेताची, घोट्याशी घट्ट. मोजा एकच आणि पातळ. थंडीच्या भीतीने दोन लोकरी मोजे घातले की स्केट आत हलते आणि पाय जास्तच गारठतो. हेल्मेटखाली कानटोपीही नको, हेल्मेट वर उचललं जातं.

नवीन स्केटला धार नसते, हे दुकानदार नेहमी सांगतोच असं नाही. पहिल्या दिवशी धार लावूनच न्या, 'हाफ इंच' म्हणा, त्यांना कळतं. धार आहे का ते बघायचं तर नख पात्याच्या कडेवर आडवं हलकेच ओढा. नखाचा बारीक कीस निघाला तर ठीक. दोन्ही कडा बघा.

रोलरची सवय तोल सांभाळायला उपयोगी पडेल, थांबायला नाही. इथे रबरी ब्रेक नसतो, पात्याची कड आडवी घासून थांबावं लागतं. ते येईपर्यंत गुडघे वाकवणं आणि पडून उठणं एवढंच करून घ्या. उन्हाळ्यात महापालिकेचे स्केटिंगचे वर्ग असतील तर जरूर घाला, पण हॉकीच्या नोंदणीबरोबर घाला, नोंदणीऐवजी नाही. ढकलत न्यायच्या त्या प्लास्टिकच्या चौकटी मला अजिबात पटत नाहीत. मूल त्यावर रेलतं आणि वजन पुढे टाकायची सवय लागते. दुहेरी पात्याच्या स्केटही नकोत. या वयात खासगी पॉवर स्केटिंग (स्केटिंगचा वेग आणि ताकद वाढवणाऱ्या) कोचवर पैसे घालवणं मला अनावश्यक वाटतं. काहींना फायदा झालाही असेल.

स्टिक घेताना उजवी की डावी हे तुम्ही ठरवू नका. तो घरी क्रिकेट उजव्या हाताने खेळतो असं लिहिलंय, त्यावरून काही ठरत नाही. इथे कितीतरी उजखोरी मुलं डावी स्टिक वापरतात, कारण उजवा हात वर, दांड्याच्या टोकाशी ठेवतात. आपल्या मैदानी हॉकीत डाव्या हाताची स्टिकच नसते, त्यामुळे आजोबांना हे विचित्र वाटेल. जमिनीवर एक झाडू आडवा ठेवा, कुठलीही बाजू न सुचवता उचलायला सांगा, दोन-तीन दिवस तेच करा. उजवा हात वर धरला तर डावी स्टिक घ्या, डावा धरला तर उजवी. स्केट घालून उभं केल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत यावी, जास्तीची कापायची. कापायच्या आधी पेन्सिलची खूण करून पुन्हा एकदा मोजा.

शेवटचा प्रश्न शनिवारच्या मराठी शाळेचा, हॉकीबरोबर ती जमेल का. यू-७ चे प्रॅक्टिस बरेचदा शनिवार-रविवारी भल्या सकाळी असतात आणि अरीनापासून शाळेपर्यंतचं अंतर धरलं तर दोन्ही जमतं. आमची मुलगी हॉकीच्या ओल्या केसांनीच बाराखडीला बसायची. वेळापत्रक सप्टेंबरात हाती येईल, तेव्हा शाळेच्या बाईंशी बोला. आमच्या बाईंनी तिला अर्धा तास उशिरा यायची मुभा दिली होती आणि गाडीत खायला दशम्या पुरायच्या. आणि हो, आमच्याकडे लहान मापाचे शिन पॅड, एल्बो पॅड आणि हॉकीची पँट पडून आहे. सगळं धुतलेलं आहे. मला मेसेज करून मुलाची उंची कळवा.