भातात उभ्या चॉपस्टिक

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते, एसवायला आहे. एका चिनी ऐतिहासिक मालिकेची मी प्रचंड फॅन आहे आणि आमचा ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात सिंगापूर मलेशियाच्या पण मुली आहेत. चिनी नववर्षाला आम्ही गिफ्ट एक्सचेंज करतो, म्हणजे चिठ्ठीत जिचं नाव येईल तिच्या आवडत्या पात्रांवर चित्र नाहीतर फॅनफिक, म्हणजे त्याच पात्रांची आपण रचलेली गोष्ट, करून द्यायचं. मी तीन रात्री जागून सगळी पात्रं एकत्र जेवायला बसलीयेत असं चित्र काढलं, लाल कंदील, भाताचे बाऊल, त्यात उभ्या चॉपस्टिक, मागे हिरो अंगण झाडतोय, खाली लिहिलं नववर्षाचा पहिला दिवस. तर एकीने लिहिलं की प्लीज चॉपस्टिक आणि झाडू बदल, सणाला हे बघवत नाही. कारण काही सांगितलंच नाही. खूप रडले. दुसऱ्यांच्या सणावर आपण काही काढूच नये का?

उत्तर : अगं काढ, शंभर वेळा काढ. पण आधी ती मुलगी का कळवळली ते ऐक. भातात उभ्या खोचलेल्या चॉपस्टिक तिकडे मेलेल्या माणसापुढे ठेवतात, आणि त्या दिसतातही धूपदाणीत लावलेल्या उदबत्त्यांसारख्या. उद्या कुणी परक्या मुलीने दिवाळीच्या फराळाचं सुंदर चित्र काढलं आणि ताटात चकलीशेजारी पिंड ठेवले तर तुझ्या आजीला कसं वाटेल? तस्संच झालं हे. तुला माहीत नव्हतं, तुझा हेतू चांगला होता, सगळं खरं, तरी चॉपस्टिक आडव्या कर.

झाडूचं तर तुला लगेच पटेल. घराची साफसफाई सणाच्या आधीच्या दिवसांत उरकतात आणि पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, घरात आलेलं नशीब केराबरोबर बाहेर जातं म्हणून. तिन्हीसांजेला केर काढू नको लक्ष्मी जाते हे आपण लहानपणापासून ऐकतोच की. म्हणजे तुझ्या घरात जे आहे तेच तिच्या घरात आहे, फक्त वेळ वेगळी. हिरोला झाडायचंच असेल तर चित्राची तारीख मागे ने, चार दिवस आधीचं कर, झाडू राहू दे.

आता माझं खरं म्हणणं सांगते. कंदील, ड्रॅगन, लाल रंग एवढं घेतलं की सण आला असं आपल्याला वाटतं, पण ती झाली नुसती सजावट. या सणाचा जीव आहे आदल्या रात्रीच्या जेवणात. कुठे कुठे कामाला गेलेली माणसं त्या एका जेवणासाठी घरी परततात, ट्रेन बस सगळं तुडुंब, आपल्या गणपतीतल्या कोकणच्या गाड्या आठव. काही घरांत न पोचलेल्या माणसाचं सुद्धा बाऊल आणि चॉपस्टिक मांडतात. बघ, तुझ्या हातात केवढी गोष्ट आली! तुझ्या मालिकेतलं कोण घरी पोचलं नाहीये, कुणाचं बाऊल रिकामं आहे, दाराकडे कोण बघतंय. ते एक रिकामं बाऊल काढलंस ना तर वीस कंदिलांची गरज नाही.

आणि आणखी बारकावे हवेत तर घे. उत्तरेकडे जेवणात जियाओझ म्हणजे मोमोसारखे डंपलिंग असतात, दक्षिणेकडे तांदळाच्या पिठाचा चिकट केक, तेव्हा पात्रं कुठली आहेत ते बघून वाढ. पांढरे कपडे मयताशी जोडलेले म्हणून सणाच्या जेवणाला कुणाला पांढऱ्यात बसवू नको. सणाला पैसे घालून देतात त्या लाल पाकिटात चाराच्या हिशोबाचे पैसे नकोत, कारण चार आणि मृत्यू हे शब्द ऐकायला जवळजवळ सारखे. दारावर लाल चौकोनी कागदावर फू म्हणजे सुखसमृद्धी हे अक्षर पुष्कळ जण मुद्दाम उलटं लावतात, कारण उलटं आणि आलं या दोन्हींचा उच्चार दाओ, म्हणजे सुख उलटं झालं म्हणताना सुख आलं असंही ऐकू येतं. कुणी तुला हे अक्षर उलटं काढलंस म्हणाली तर घाबरू नको, ती चूक नाही.

एकदा हार्बरने डॉकयार्ड रोडला उतर आणि माझगावचं सी यप कून देऊळ बघून ये. १९१९ सालचं चिनी देऊळ आहे, ग्वान गोंग देवाचं, लहानसं आणि लालेलाल. नववर्षाला मुंबईतली चिनी कुटुंबं तिथे येतात. स्केचबुक ने, पण माणसांचे चेहरे काढायच्या आधी त्यांना विचार.

त्या मुलीला आज रात्री थँक्यू लिही. का बदल ते तिने सांगायला हवं होतं हे मलाही वाटतं, पण आपल्याच सणात पिंड कशाला म्हणायचे हे समजावत बसणं सोपं नसतं गं.

प्रश्न : मी नेरूळची. मुलगा बारावीला आहे आणि रात्री दुसऱ्याच्या मालिकेतली पात्रं घेऊन गोष्टी लिहितो, आत्ता तर चिनी सणावर. ही चोरी नाही का? आणि आपला पाडवा सोडून तिकडचं कशाला?

उत्तर : ताई, तुमची काळजी बारावीची असेल तर ती अगदी रास्त, रात्री अकरानंतर फोन हॉलमध्ये ठेवायला लावा. पण लिहिण्याला चोरी म्हणू नका. दशावतारात कथा पुराणातली असते, ती सगळ्यांना पाठ असते, आणि तरी नट रंगमंचावर उभा राहून संवाद तिथल्या तिथे स्वतः रचतो आणि आपण रात्रभर बसून बघतो. जात्यावर बायकांनी सीतेच्या ओव्या गायल्या त्यात सीतेचं दुःख स्वतःच्या सासराचं केलं. तुमचा मुलगा त्याच वाटेवर आहे. दोन गोष्टी त्याने पाळाव्यात, मूळ लेखकाचं नाव लिहायचं आणि गोष्ट विकायची नाही.

पाडव्याचं म्हणाल तर एक मजेची गोष्ट त्याला सांगा. त्यांचं वर्ष अमावास्येच्या दिवशी लागतं, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला घोड्याचं वर्ष लागलं, आणि पंधराव्या दिवशी चंद्र पूर्ण होतो तेव्हा कंदिलांचा सण. तिथी मोजणाऱ्या घरातल्या पोराला हे पटकन कळतं. आणि मग ठाण्याच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेवरही लिही म्हणा, नऊवारीतल्या बुलेटवाल्या आहेत, ढोलताशा आहे, लिहील तो. मात्र जुन्या काळातल्या चिनी वाड्यात गुढी उभी करू नको म्हणावं.

प्रश्न : ताई, चिनी नववर्षाला खिडकीवर चिकटवतात ती कागदाची लाल खिडकीफुलं कापून ग्रुपला फोटो पाठवायचाय. घोटीव कागद चालेल का? (कोपरी)

उत्तर : मी केलंय म्हणून सांगते, नको. घोटीव कागद मागून पांढरा असतो, घडी घालून कापला की कडेला पांढरी रेघ दिसते आणि घडीवर चकाकी पण तडकते. पतंगाचा लाल ताव घे, दोन्हीकडून सारखा रंग. चौकोन करून तीनदाच दुमड, चौथ्यांदा दुमडलास तर कात्री चावते. नखं कापायची छोटी कात्री घे आणि कागद फिरव, कात्री नको फिरवू. आधी आतली भोकं काप, मग बाहेरची कड, नाहीतर धरायला काही राहत नाही. उलगडताना पंखा बंद कर.

प्रश्न : एक्सचेंजमध्ये नाव दिलंय पण सबमिशन आले, माझ्याकडून गोष्ट होणार नाही. गुपचूप गायब झाले तर चालेल का? (वाशी)

उत्तर : नाही चालणार. तिकडे एक मुलगी तुझ्या गिफ्टची वाट बघत बसलीये. एक्सचेंज चालवणाऱ्यांकडे पिंच हिटर असतात, कुणी मागे हटलं तर ऐनवेळी तिच्यासाठी लिहून देणारी माणसं, पण त्यांनाही हातात दिवस लागतात. चार ओळींचा मेसेज पुरे, जमत नाहीये, सॉरी, दुसरं कुणी बघा. आज जेवायला बसायच्या आधी पाठव.