पुण्यात जपानी शिकतेय. सोसायटीत जपानी संस्कृतीची ओळख करून द्यायची आहे, सुरुवात कशी करू?

भाषण नको, तानाबाता करा. ७ जुलैचा हा सण. बुरूड आळीतून हिरवा बांबू आणा, रंगीत कागदाच्या पट्ट्या कापा आणि मुलांना त्यावर आपापली इच्छा लिहून बांबूला बांधू द्या. या पट्टीला तांझाकु म्हणतात. मराठीत लिहिली तरी काही बिघडत नाही. गोष्ट मात्र नक्की सांगा: विणकाम करणारी ओरिहिमे आणि गुराखी हिकोबोशी, आकाशगंगेच्या दोन काठांवर, वर्षातून एकदाच भेटणारे. हे तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण! एवढं कळलं की आज्यासुद्धा पट्टी मागून घेतात.

नंतर सगळ्यांना सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात न्या. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते घडवलंय.