चेलोवाल्याला पत्र

चि.स अनेक आशीर्वाद.

बी.कॉम. सोडून फक्त चेलोच, व्हायोलिनचं ते थोरलं भावंड, वाजवायचं म्हणतोस. सोडू नकोस. वडिलांची बाजू घेत नाहीये. चेलोवाल्याचं पोट एका कामावर क्वचितच भरतं. पूर्वी मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत तारवाद्यांचा अख्खा ताफा बसायचा. सिंथेसायझर आला आणि ते काम आटलं. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे, पण चेलोच्या जागा मोजक्या आणि स्पर्धेला परदेशी वादक. बाकी शिकवण्या, रेकॉर्डिंगं, लग्नात वाजवणारी चार तारवाद्यांची चौकडी. हसू नकोस, इतरांचं ऐकत वाजवायची सवय तिथेच लागते.

बाखचे सुइट्स, एकट्या चेलोसाठीच्या त्या रचना, घेतलेस, चांगलं केलंस. पण कॅसाल्ससारख्या थोर चेलोवादकाला त्यांची प्रत बार्सिलोनात तेराव्या वर्षी सापडली आणि लोकांसमोर सुइट वाजवायचं धाडस व्हायला बारा वर्षं गेली, असं तो सांगायचा. तुला मार्चमध्ये कार्यक्रम करायचाय!

त्यापेक्षा रोज पहिला अर्धा तास डावा हात मांडीवर ठेव. नुसत्या मोकळ्या तारा आणि लांब बो, म्हणजे गज. चेलोची प्रत्येक तार खालच्या तारेचा पंचम असते, त्यामुळे तानपुऱ्यावर तयार झालेला तुझा कान इथे कामी येईल. शेजारच्या दोन तारा एकदम ओढ आणि आवाजातली थरथर थांबेपर्यंत लावत राहा.

आता सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडून तार सर्रकन उतरते, कधी कडेचा जोड सुटतो. सुटला तर घाबरू नकोस. जोडाला सरस लावतात तोच मुळी यासाठी, की लाकूड फाटण्याआधी जोड सुटावा. घरी फेव्हिकॉल लावलास तर मात्र कारागीर तुला दारात उभा करणार नाही. हार्डकेसमध्ये आर्द्रता मोजायचा छोटा मीटर ठेव. काटा ४० टक्क्यांखाली गेला की डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज. कूलरसमोर वाद्य ठेवायचं नाही.

शिकवणीला हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाशील तेव्हा खिडकीची सीट काढ आणि चेलो पायांत उभा धर. कुर्डुवाडीला गर्दी चढली की लोक त्यावर रेलतात, सरळ ओरडायचं. पोचल्यावर आधी ब्रिज, तारा टेकतात ती लाकडी घोडी, बघ. तारा ताणताना तो वरून फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटं दाबतो त्या पट्टीकडे, झुकत जातो; टेलपीसकडची, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात तिकडची, त्याची बाजू वाद्याच्या पोटाच्या फळीशी काटकोनात हवी. झुकला असेल तर तारा थोड्या सैल करून दोन्ही हातांनी हळूच मागे घे. तुझ्या ब्रिजचा बाजूने काढलेला फोटो मला पाठव, मग तारांचं बघू.