आरोग्य प्रश्नोत्तरे : लावणीच्या दिवसांतील सर्पदंश आणि विंचूदंश

भातलावणीचे दिवस जवळ आले की कोकणातील वाचकांच्या पत्रांत साप आणि विंचू यांच्याविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात लाकूडफाटा रचताना माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या बोटाला लहानसा तांबूस विंचू चावला. तो थोडा वेळ रडला आणि मग शांत झाला. शेजाऱ्यांनी बोटावर कांदा चोळला आणि आम्ही निर्धास्त झालो. तासाभराने मात्र त्याला दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या आणि हातपाय गार पडले. ग्रामीण रुग्णालयात गोळ्या देऊन त्याला दोन दिवस ठेवून घेतले. आता तो बरा आहे. दुखणे कमी झाल्यावर त्रास का वाढला? (एक माता, महाड तालुका)

उत्तर : आपल्या मुलाला झालेला त्रास हे लाल विंचवाच्या दंशाचे ओळखीचे रूप आहे आणि ते प्रत्येक घराला माहीत असायला हवे. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो, म्हणून लोक त्यालाच अधिक भितात. प्रत्यक्षात जिवावर बेततो तो हा लहान, तांबूस विंचू. त्याच्या विषामुळे ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम मोठ्या प्रमाणात सुटतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर असह्य ताण येतो. हा ताण वेळेत उतरला नाही, तर फुप्फुसांत पाणी साचून दम लागतो आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, तोंडाला सुटलेली लाळ आणि मुलग्यांमध्ये शिश्नाला आलेली ताठरता ही या संकटाची सुरुवातीची चिन्हे होत. शेवटचे चिन्ह सांगायला घरचे लोक संकोचतात. तो संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांना अवश्य सांगावे.

दंशाच्या जागी होणाऱ्या वेदनेवरून धोक्याचा अंदाज बांधू नये. पुष्कळ वेळा ज्या रुग्णाला जागेवर असह्य कळा येतात, त्याच्या शरीरात इतरत्र विषाचा परिणाम झालेला नसतो; आणि जो रुग्ण लवकर शांत झाला असे वाटते, तो आतून खालावत असतो. म्हणून मुलाला विंचू चावला की रडणे थांबण्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे, आणि लक्षणे नसली तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ तेथेच देखरेखीखाली ठेवावे.

आपल्या मुलाला दिलेली गोळी बहुधा प्राझोसिन असावी. हे मुळात उच्च रक्तदाबाचे औषध आहे. बिरवाडी आणि महाड परिसरात ग्रामीण रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून, त्यांच्या नाडीची आणि रक्तदाबाची नोंद ठेवून या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि 1986 मध्ये त्याविषयीचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या दंशाने कोकणातील कितीतरी मुले दगावत असत, तो त्यानंतर बहुतांशी आटोक्यात आला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी उभे राहिलेले हे काम आपल्या भागातील प्रत्येक शाळेत सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते. एक सूचना मात्र महत्त्वाची आहे : ही गोळी घरी आणून स्वतःहून देऊ नये. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणूनच औषध दिलेल्या मुलाला उचलून कडेवर घेऊ नका, त्याला आडवेच राहू द्या, असे परिचारिका वारंवार बजावतात.

प्रश्न : आमचे काका पडवीत जमिनीवर झोपले होते. पहाटे पोटात दुखते म्हणून उठले. अंगावर कोठेही जखम किंवा सूज नव्हती, म्हणून पित्त झाले असे समजून त्यांना लिंबूपाणी दिले. थोड्या वेळाने त्यांच्या पापण्या मिटू लागल्या आणि बोलणे अडखळू लागले. रुग्णालयात मण्यार चावल्याचे निदान झाले. चावल्याचे कळलेसुद्धा नाही, हे कसे शक्य आहे? (एक वाचक, माणगाव तालुका)

उत्तर : मण्यारीचे दात बारीक असतात, दंश फारसा दुखत नाही आणि सूजही बहुधा येत नाही. ती रात्री भक्ष्याच्या शोधात फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि कुशीवर वळलेल्या माणसाच्या अंगाखाली दबली की चावते. त्यामुळे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी किंवा घसा धरल्याची तक्रार करत उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, तर अंगावर खूण शोधत बसू नये. मण्यार चावली आहे असेच धरून निघावे.

हे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील दुवा तोडते. आधी पापण्या, मग जीभ आणि गिळण्याचे स्नायू, आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होतात. प्रतिविष लवकर मिळणे आवश्यकच आहे. परंतु विष मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत एकदा पोहोचले की झालेली हानी प्रतिविषाने लगेच भरून निघत नाही, आणि तोपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर जगवावे लागते. अशा रुग्णाचे डोळे मिटलेले असतात, हात हलत नाही, हाक मारल्यावर उत्तर येत नाही. नातेवाईक आशा सोडतात आणि त्याला घरी नेण्याची भाषा बोलू लागतात. तसे कदापि करू नये. आत तो बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो आणि खाटेजवळ बोललेले ऐकत असतो. श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण काही दिवसांत उठून बसतात. त्याच्याशी बोलत राहा. आपण रुग्णालयात आहोत, उपचार चालू आहेत, हे त्याला सांगत राहा.

प्रश्न : शेतात साप चावल्यावर वरच्या बाजूला दोरी आवळून बांधावी, ब्लेडने चीर द्यावी, कोंबडीचे पिल्लू लावावे, असे जुनी माणसे सांगतात. यातले काय करावे? (एक शेतकरी, संगमेश्वर तालुका)

उत्तर : यातले काहीही करू नये. आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटतो आणि हात किंवा पाय गमावण्याची वेळ येते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा वेळी चीर दिली तर रक्त थांबत नाही. तोंडाने विष ओढून काढता येत नाही. भगताकडे गेलेला तास परत मिळत नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस कोणत्याही उताऱ्याने बरा होतोच, आणि त्यामुळेच या उपायांवरचा विश्वास टिकून राहिला आहे.

करावयाचे ते असे : रुग्णाला धीर द्या आणि चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण सूज येण्यापूर्वी काढा. चावलेला अवयव मोडलेल्या हाडासाठी बांधतात तसा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा; ती येण्यास वेळ लागणार असेल, तर मोटारसायकलवर चालक आणि मागचा माणूस यांच्या मध्ये रुग्णाला बसवून निघा. कोणी आधीच दोरी घट्ट बांधली असेल, तर ती वाटेत सोडू नका; रुग्णालयात डॉक्टरांच्या समोरच सोडू द्या. साप मारण्यात वेळ घालवू नका. तो दुसऱ्यालाही चावू शकतो, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर आपल्याकडचे प्रतिविष एकच आहे.

रुग्णालयात काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून पाहतात. रक्त पातळच राहिले, तर विष भिनले आहे हे कळते. ही नळी पाहून 'डॉक्टर नुसते बसले आहेत' असे म्हणून वाद घालणारे नातेवाईक असतात. ती वीस मिनिटे उपचाराचाच भाग आहेत. फुरसे हातभरसुद्धा लांब नसते, म्हणून त्याचा दंश हलका समजू नये. घोणस चावल्यानंतर लघवी कमी झाली, तर ते मूत्रपिंडावर परिणाम झाल्याचे चिन्ह असू शकते. ते लगेच सांगावे.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातीला मोठ्या माणसाइतकेच प्रतिविष दिले. हे जास्त झाले नाही का? (एक आजोबा, दापोली तालुका)

उत्तर : नाही. साप लहान मुलाला पाहून कमी विष सोडत नाही, आणि प्रतिविषाची मात्रा विषाच्या प्रमाणात ठरते, वजनाच्या प्रमाणात नाही. ते घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेले असल्यामुळे काही जणांना गांधी उठणे, थंडी वाजणे किंवा दम लागणे असा त्रास होतो. त्यासाठीचे इंजेक्शन डॉक्टर जवळ तयार ठेवतात.

प्रश्न : घरात आणि शेतात काळजी काय घ्यावी? (बचत गटाच्या सदस्या, गुहागर तालुका)

उत्तर : 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले. आपल्या गटाने हा विषय हाती घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे खाट आणि मच्छरदाणी. खाट नसेल तर निदान मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचाव्यात. घराला लागून पेंढा, चिरे, कौले, लाकडे रचू नयेत. तेथे उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप येतो. चुलीसाठी लाकूड ओढताना आधी काठीने हलवावे. रात्री परसात जाताना विजेरी हातात असावी, ओट्यावर ठेवलेली नसावी. गवत कापताना गमबूट घालावेत, आणि ते सकाळी पायात चढवण्यापूर्वी उलटे करून झटकावेत, कारण विंचू त्यातच बसलेला असतो.

याशिवाय पावसाळ्यापूर्वी आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन प्रतिविष व प्राझोसिन उपलब्ध आहे का, रात्री डॉक्टर असतात का आणि कृत्रिम श्वासाची सोय सर्वांत जवळ कोठे आहे, याची चौकशी करावी, आणि मिळालेली माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावी.